रमणाश्रमातील अन्नपूर्णा

भगिनींनो, गुरुभक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पादुका, पूजा, आरती आणि पुण्यतिथीचा उत्सव उभा राहतो. पण आश्रम म्हटला की तिथे रोज चूल पेटते, तांदूळ निवडले जातात, भाजी चिरली जाते आणि उष्टी-खरकटीही निघतात. गोंदवल्याचे अन्नदान काय किंवा अक्कलकोटचे अन्नछत्र काय, प्रसादाचे पान वाढले जाते तेव्हा त्यामागे किती हात राबलेले असतात, हे आपल्याला, म्हणजे स्वयंपाकघरात जन्म घालवणाऱ्या बायकांना, सांगायला नको. मात्र इतिहास लिहिताना दिवाणखान्यातले बोलणे तेवढे लिहिले जाते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी तिरुवण्णामलैच्या श्रीरमणाश्रमाचा इतिहास घेतला आहे, आणि तोही स्वयंपाकघराच्या दाराने आत जाऊन.

तिरुवण्णामलै हे तमिळनाडूतले मोठे शिवक्षेत्र. पंचमहाभूतांच्या पाच लिंगांपैकी अग्निलिंग ते हेच. गावाला लागून अरुणाचल पर्वत आहे आणि तो पर्वत म्हणजेच शिव, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा आहे. मदुराईत काकांकडे राहून शिकणारा व्यंकटरमण नावाचा मुलगा 1 सप्टेंबर 1896 रोजी या गावात येऊन पोचला. त्याचा जन्म 30 डिसेंबर 1879 चा, म्हणजे वय सतरा वर्षांचेही पुरते नव्हते. थोरल्या भावाची फी भरण्यासाठी पाच रुपये मिळाले होते. त्यांतले प्रवासापुरते तीन रुपये घेऊन दोन रुपये त्याने चिठ्ठीबरोबर घरी ठेवले होते. हाच मुलगा पुढे रमण महर्षी झाला. भक्त त्यांना 'भगवान' म्हणत. आल्या दिवसापासून 1950 साली देह ठेवीपर्यंत त्यांनी अरुणाचल सोडला नाही.

सुरुवातीला त्यांना देहाचे भान नसे. मौन धरून ते देवळात बसून राहत आणि लोक तोंडात घास घालीत तेव्हा चार शिते पोटात जात. पुढे 1899 पासून ते डोंगरावरच्या विरूपाक्ष गुहेत राहू लागले. भोवती चार साधक जमले. ते गावात भिक्षेला जात आणि मिळेल ते एकत्र कालवून सर्वांनी सारखे वाटून घेत. भिक्षेच्या फेरीत म्हणायला काही तरी हवे, म्हणून भगवानांनी अरुणाचलाची 'अक्षरमणमालै' ही स्तुती रचली. मोठमोठे पंडित आज जिचा अर्थ लावतात, ती रचना अशी भिक्षेच्या झोळीसाठी जन्मली.

याच काळात एचम्माळ नावाची बाई डोंगर चढून आली. नवरा, मुलगा आणि मुलगी अशी तिची तिन्ही माणसे थोड्याथोडक्या अंतराने गेली होती. घरात राहवेना म्हणून ती त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या गोकर्णाला जाऊन साधूंची सेवा करून आली होती. पण गेली तशीच दुःखाने भरलेली ती परत आली. 1906-07 च्या सुमारास कोणी तरी तिला या तरुण स्वामींकडे पाठवले. ती समोर तासभर बसली. तिने काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही. उठली तेव्हा काळजावरचा धोंडा उतरला होता. त्यानंतर तिने तिरुवण्णामलैतच बिऱ्हाड केले आणि रोज स्वयंपाक करून डोंगरावर न्यायचा नेम धरला. त्यांना वाढल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे. हा नेम 1945 साली ती वारेपर्यंत चालला. भगिनींनो, एका उपवासाचे व्रत धरले तरी आपण उद्यापनाची तिथी मोजतो. हिच्या व्रताला सुमारे अडतीस वर्षे उद्यापन नव्हते.

एचम्माळने पुढे एक मुलगी दत्तक घेतली, तिचे लग्न केले. त्या मुलीला मुलगा झाला, त्याचे नाव रमण ठेवले. आणि एके दिवशी ती मुलगीही गेल्याची तार आली. तार घेऊन एचम्माळ भगवानांकडे आली. ती वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग ती जाऊन तान्ह्या नातवाला घेऊन आली आणि तिने त्याला त्यांच्या हातांत ठेवले, तेव्हाही ते रडले. ज्ञानी माणसाचे डोळे कोरडे असतात, असा आपला समज असतो. देह म्हणजे मी नव्हे, असे जन्मभर सांगणारा हा पुरुष त्या बाईपुढे वेदान्त बोलला नाही, तिच्याबरोबर रडला.

अशीच दुसरी एक मुदलियार पाटी. पाटी म्हणजे आजी. ती कारैक्कालची, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच मुलखातली. तिनेही कुटुंबासह तिरुवण्णामलैला येऊन रोज भगवानांना अन्न नेण्याचे व्रत घेतले आणि म्हातारपणी दृष्टी मंदावली तरी ते सोडले नाही. तिसरी कीरै पाटी, म्हणजे भाजीवाली आजी. ती गरीब होती. डोंगरावर फिरून रानभाजीचा पाला खुडायची आणि शिजवून भगवानांना आणून द्यायची. ती गेल्यावर काही वर्षांनी, 1926 साली, आश्रमाला कोणी एक कालवड दिली. तिचे नाव लक्ष्मी. ती सरळ भगवानांजवळ येऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवी. कीरै पाटीच लक्ष्मी होऊन आली, असे पुष्कळ भक्त मानीत. 18 जून 1948 रोजी लक्ष्मी गेली तेव्हा भगवान तिच्याजवळ बसले होते. तिची समाधी आश्रमात आहे. पुनर्जन्म ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावा. पण पाल्याच्या भाजीची आठवण आश्रमाने इतकी वर्षे जपली, ही गोष्ट तर खरीच.

1916 साली भगवानांच्या मातोश्री अळगम्माळ कायमच्या मुलाजवळ राहायला आल्या. 1898 साली त्या एकदा मुलाला परत नेण्यासाठी रडूनभाकून गेल्या होत्या, पण तो हलला नव्हता. त्यानंतर थोरला मुलगाही वारला. त्याच सुमारास मंडळी वरच्या स्कंदाश्रमात राहायला गेली आणि तिथे आईने चूल मांडली. भिक्षेवर चालणाऱ्या साधूंच्या वस्तीला घरचा स्वयंपाक मिळू लागला तो तेव्हापासून.

आई सोवळ्याची फार कडक. तिला कांदा चालत नसे. तेव्हा भगवान थट्टेने म्हणत की, जपून बरं, मोक्षाच्या वाटेत कांदा हा मोठा अडसर आहे! कधी ते तिच्याशी बोलतच नसत, इतरांशी मात्र बोलत. तिने तक्रार केली तर म्हणत, साऱ्याच बायका माझ्या आया आहेत, तू एकटी नव्हेस. ऐकायला हे कठोर वाटते. 'माझा मुलगा' ही गाठ सैल व्हावी म्हणून त्यांचे हे वागणे होते, असे भक्त सांगतात. आईच्या मनाला ते किती लागले असेल, ते आया जाणतात.

एकदा आईने पापड लाटायला मुलाची मदत मागितली. त्यांनी लाटणे हातात न घेता पापडाचे गाणेच रचून दिले. तिकडे पापडात कांडवेलीचा रस घालतात, आपल्याकडे पापडखार घालतात तसा. त्या गाण्यात अहंकार म्हणजे दळायचे उडीद, कांडवेलीचा रस म्हणजे सत्संग, आणि शेवटी पापड तळायचा तो ब्रह्मरूपी तुपात. जात्यावर बसून देवाला आळवणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना हे गाणे परके वाटले नसते.

19 मे 1922 रोजी आई गेली. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत भगवान तिच्या उशाशी बसून होते. एक हात तिच्या हृदयावर, दुसरा मस्तकावर. प्राण गेल्यावर ते शांतपणे उठले आणि म्हणाले की आता आपण जेवू या, इथे सुतक नाही. डोंगराच्या पायथ्याशी तिला समाधी दिली. भगवान रोज खाली येऊ लागले आणि त्या वर्षाच्या अखेरीस खालीच राहिले. आज आपण ज्याला रमणाश्रम म्हणतो तो असा आईच्या समाधीभोवती उभा राहिला. तिथल्या मातृभूतेश्वराच्या देवळाचा कुंभाभिषेक 17 मार्च 1949 रोजी झाला.

खालच्या आश्रमात माणसे वाढली, तसे स्वयंपाकघरही वाढले. शांतम्माळ, सुब्बलक्ष्मी अम्माळ, संपूर्णम्माळ, लोकम्माळ अशा बायका तिथे आल्या. बहुतेक विधवा होत्या. त्या काळी विधवेला घरात कोणती जागा असे, ते आपल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून आपण ऐकले आहे. या बायकांना वाटले होते की डोळे मिटून ध्यान करावे, आणि हातात आले पळी-पातेले! पण पहाटे उजाडण्याआधी स्वतः भगवान स्वयंपाकघरात हजर असत. भाजी चिरीत, चटणी वाटीत, फोडणी कशी द्यायची ते दाखवीत. कालचे उरलेले अन्न फेकू देत नसत. ते गरम करून न्याहारीला घेत. सोवळ्यातल्या बायकांना हे जड जाई. जमिनीवर सांडलेला दाणा दिसला तर तो उचलून डब्यात टाकीत. भाजीची साले गाईंना जात.

संपूर्णम्माळची एक आठवण मोठी गोड आहे. एकदा आश्रमात वांग्यांची रास आली. रोज वांगी. देठांचाच ढीग साचला. भगवान म्हणाले, त्यांची भाजी करा. गुरेसुद्धा खाणार नाहीत असले काटेरी देठ! बायकांनी वाटाण्यांबरोबर शिजत घातले. सहा तास झाले तरी कडकच. भगवान येऊन विचारतात, भाजी कुठवर आली? ती हसून म्हणाली, भाजी कसली, आम्ही लोखंडी खिळे शिजवतो आहोत! त्यांनी पळीने एकदा ढवळले आणि न बोलता निघून गेले. थोड्या वेळाने पाहतात तो देठ मऊ झालेले. पंक्तीत सर्वांनी त्या भाजीची वाखाणणी केली. कोणी याला चमत्कार म्हणेल, कोणी म्हणेल सहा तासांनी देठ शिजायचेच. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की हॉलमधली मोठी चर्चा सोडून गुरू पातेल्यापाशी येत असे आणि टाकाऊ देठाचीही त्याला किंमत होती.

आता या साऱ्या इतिहासाचे सार ज्या एका गोष्टीत आहे, ती सांगते. भगवानांनी कधी विधिपूर्वक दीक्षा दिली नाही, कोणाला शिष्य म्हटले नाही. मग अशा गुरूची सेवा करायची कशी? बायकांना एकच मार्ग माहीत होता, त्यांच्या पानात चांगले वाढावे. आणि नेमके तेच ते करू देत नसत. सगळ्यांना जेवढे तेवढेच त्यांना. एखादी वस्तू त्यांच्यासाठी म्हणून वेगळी केली की ते ती नाकारीत. आधी आश्रमातले कुत्रे, मग दाराशी आलेले भिकारी, आणि मग भक्तांची पंगत, असा त्यांनी घालून दिलेला क्रम होता. म्हणजे गुरूवरच्या प्रेमाला त्यांनी अडवले नाही. त्याला आपल्या पानापुरते थांबू मात्र दिले नाही.

तरीही प्रेमाचा मान कसा राखायचा, हे ते जाणून होते. एकदा पाने वाढली गेली तरी भगवान जेवायला सुरुवात करीनात. हनुवटीला हात लावून स्वस्थ बसले. सगळे गोंधळले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, एचम्माळने आणलेले अन्न वाढायचे राहिले होते. ते वाढले आणि त्यांनी पहिला घास घेतला.

सर्व काही गोडच होते, असे लिहिणे मात्र खरे होणार नाही. जेवणघरात सोवळ्याच्या ब्राह्मणांसाठी पडद्याआड वेगळी पंगत बसे. भगवान दोन्ही पंगतींना दिसतील असे बसत, पण पडदा होता. आणि भगवानांच्या हयातीत बायकांना रात्री आश्रमात राहण्याची परवानगी नव्हती. दिवसभर चुलीपाशी राबणाऱ्या या बायकांना अंधार पडण्याआधी गावातल्या आपल्या खोल्यांवर परतावे लागे. ज्यांच्या हातचे सारा आश्रम जेवत होता, त्यांचे अंथरूण फाटकाबाहेर होते.

या बायका कळल्या त्या थोड्या तरी लिहून ठेवणाऱ्यांमुळे. त्यांत सूरी नागम्मा हे नाव आदराने घ्यावे लागेल. आंध्रातली ही बालविधवा. शाळेत न जाता आपली आपण अक्षरे शिकली. 1941 साली ती आश्रमात आली आणि 1945 पासून तिथली रोजची हकीकत तेलुगू पत्रांतून आपल्या भावाला कळवू लागली. गाय, माकडे, भाजी, भांडण, हसणे, सारे त्या पत्रांत आहे. आज भगवानांचे रोजचे जीवन जाणून घ्यायचे तर पंडितांनाही या न शिकलेल्या बाईची पत्रे उघडावी लागतात. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला लिहायला हात उचलावासा वाटला, तो तिच्याकडे पाहून.

1948 च्या अखेरीस भगवानांच्या डाव्या हातावर गाठ आली. चार शस्त्रक्रिया झाल्या, पण 14 एप्रिल 1950 रोजी रात्री त्यांनी देह ठेवला. एचम्माळ त्याआधीच गेली होती.

भगिनींनो, गुरूच्या नावाने बायकांचे राबणे आपल्या देशाला नवे नाही. कुठे ती सेवा असते, तर कुठे नुसतेच फुकटचे कष्ट असतात. दोन्ही ओळखायची एक साधी खूण या आश्रमाने दाखवली आहे. गुरूच्या पानात आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पानात एकच पदार्थ आहे का, ते पाहावे. आणि भाजी चिरायला तो स्वतः बसतो का, तेही पाहावे. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आणि सत्यनारायणाला प्रसाद वाढताना, भांडी घासायला बसलेल्या बाईला आपण आधी पान वाढले, तर एचम्माळच्या व्रतातला एक दिवस आपल्याही पदरी पडेल.