भ्रमिष्टाचे बोल : ऐकणाऱ्यांचा इतिहास

इ. स. १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी 'रोमन विधिग्रंथ' प्रसिद्ध केला. भूतबाधा झालेल्यांसाठी करावयाच्या विधीचे एक प्रकरण त्यात आहे. ग्रंथ चारशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा वेडाचार करणाऱ्या प्रत्येकास सैतानाने पछाडले असे ठरविण्याची मुभा त्यात असेल, अशी आजच्या वाचकाची समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्यातील पहिलाच नियम धर्मगुरूचा हात आवरणारा आहे. एखाद्यास बाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. बाधा आणि आजार यांतील भेद आधी ओळखावा, असे तो सांगतो. त्या काळचे वैद्यक वेडाचे कारण 'काळे पित्त' मानी, त्याचाही निर्देश तेथे आहे. मग भेद ओळखावा कसा? दिलेल्या खुणांपैकी पहिली खूण बोलण्याची आहे. जी भाषा हा मनुष्य कधी शिकला नाही ती तो सलग बोलतो काय, किंवा दुसरा ती बोलला तर त्यास कळते काय, हे पाहावे.

ही अट फार कडक आहे, हे लक्षात घ्यावे. तुटक, असंबद्ध बडबड म्हणजे परकी भाषा नव्हे. ती ऐकून घाबरू नये आणि निवाडाही करू नये, एवढी शिस्त चर्चने आपल्या सेवकांना घालून दिली. अर्थात, बोललेली भाषा कोणती हे ओळखायचे तर ऐकणाऱ्याला भाषा यायला हव्यात. विधिग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. जन्माने इंग्रज असलेल्या या जेज्वीट धर्मगुरूंनी इथल्या माणसांची बोली कानांत साठवली, म्हणून ते मराठीत ओवी रचू शकले. माणसाच्या मनापर्यंत जाण्याची वाट त्याच्या भाषेतून जाते, हे मिशनऱ्यांना कळले होते. वेडाच्या बाबतीत हे शहाणपण जगाला पुढे फार उशिरा सुचले.

मधल्या काळात भ्रमिष्टाच्या बोलण्याला एक वेगळेच मोल आले. इंग्रजी अमदानीत १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी कायदा झाला आणि १९१२ साली त्याची जागा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'ने घेतली. या कायद्यान्वये कोणास इस्पितळात ठेवायचे तर डॉक्टरचा दाखला लागे. डॉक्टरने स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणे आणि इतरांनी सांगितलेली लक्षणे त्यात निराळी नमूद करावी लागत. स्वतः पाहिलेली लक्षणे म्हणजे काय, तर पुष्कळदा त्या माणसाच्या तोंडची चार वाक्ये! त्याने ती सांगितली मराठीत वा कोकणीत, कागदावर उतरली इंग्रजीत. त्याचे बोलणे त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरले आणि त्या पुराव्यावर दार बंद झाले.

आमच्या मुलुंडच्या शेजारचे ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. उपनगरांत आजही कोणी विसंगत बोलले की 'ह्याला ठाण्याला न्या' अशी थट्टा होते. एका इस्पितळाचे नाव शिवीसारखे वापरले जाते, यावरून त्या बंद दाराची भीती आपल्या मनांत किती खोल रुजली आहे ते दिसते. ज्या घरात खरोखरच असा आजार आहे, त्या घराला ही थट्टा कशी लागत असेल याचा विचार थट्टा करणारे करीत नाहीत.

ऐकण्याची रीत बदलली ती स्वित्झर्लंडमध्ये. झुरिक येथील बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयाचे आधीचे काही प्रमुख जर्मनीहून आलेले विद्वान होते. त्यांना आमची बोली कळत नाही, अशी आसपासच्या खेडुतांची तक्रार असे. १८९८ साली तेथे ऑयगेन ब्लॉयलर प्रमुख झाले. ते जवळच्याच गावात, शेतकरी कुळात जन्मलेले. गावची बोली त्यांच्या तोंडी होती. त्यांची थोरली बहीण स्वतः मनोरुग्ण होती. तत्पूर्वी बारा वर्षे त्यांनी ऱ्हाइनाऊच्या इस्पितळात रुग्णांमध्ये राहून काढली होती. १९०८ साली त्यांनी या आजाराला 'स्किझोफ्रेनिया' हे नाव सुचविले. मराठीत आपण त्यास छिन्नमनस्कता म्हणतो. एका कल्पनेला दुसरीशी जोडणारा धागा सैल होणे, हे त्यांनी आजाराचे एक मूळ लक्षण मानले, आणि तो सैल धागा त्यांना दिसला तो रुग्णांच्या बोलण्यात. ज्याला रुग्णाची बोली आपली वाटत होती, त्यालाच बोलण्यातील बारीक तुटी ऐकू आल्या, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

त्यांचे तरुण सहायक कार्ल युंग यांनी शंभर शब्दांची यादी केली. एकेक शब्द उच्चारायचा, रुग्णाच्या मनात पटकन येणारा शब्द त्याने सांगायचा आणि लागलेला वेळ घड्याळाने मोजायचा, अशी त्यांची पद्धत होती. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एका वृद्ध शिवणकाम करणारीच्या बोलण्याचा शोध घेतला. ती म्हणे, मी सॉक्रेटिस आहे. कधी म्हणे, मी लोरलाय आहे. सारे हसत. युंगने तिच्यापाशी बसून एकेका शब्दाचा माग काढला. सॉक्रेटिसला अन्यायाने दोषी ठरविले, तसेच मलाही, असे तिला म्हणायचे होते. 'लोरलाय'चा उलगडा तर ऐकणाऱ्यांनाच आरसा दाखविणारा होता. तिचे बोलणे ऐकून डॉक्टर म्हणत, याचा अर्थ काय ते कळत नाही. आणि लोरलायच्या प्रसिद्ध जर्मन गीताची सुरुवात नेमक्या अशाच कबुलीने होते! म्हणून ती लोरलाय. निरर्थक ठरविलेल्या बोलण्यात एक मनुष्य आपली कैफियत मांडीत होता.

पुढे १९७९ साली अमेरिकेत नॅन्सी आंद्रेआसन यांनी अशा बोलण्याचे १८ प्रकार व्याख्येसह मांडले. या बाई वैद्यकाकडे वळण्यापूर्वी इंग्रजी साहित्याच्या अध्यापिका होत्या. कवितेतील शब्दांचे वजन पाहण्याची सवय त्यांना येथे उपयोगी पडली असावी. यातील काही प्रकार आपल्या भाषेत असे सांगता येतील. 'आज जेवलास का?' या प्रश्नाला उत्तर येते : 'जेवण आईने केले, आई बोरिवलीला गेली, बोरिवलीची गाडी फास्ट, फास्ट म्हणजे उपवास, उपवास शुक्रवारी.' लगतच्या दोन कड्या जुळतात, पण मूळ प्रश्न मात्र हरवला. ही रूळ सोडून धावणारी गाडी. कधी अर्थाऐवजी नाद शब्दांना ओढतो : 'पाणी, राणी, गाणी, वाणी.' कधी रुग्ण स्वतःचे नवे शब्द घडवितो. कधी बोलणे आटते, प्रश्नाला एका शब्दापलीकडे उत्तर नसते. आणि घरची माणसे त्याला आळशी किंवा उर्मट ठरवितात. आंद्रेआसन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बोलण्यातील असे बरेच बिघाड उन्मादाच्या रुग्णांतही आढळतात. केवळ बोलण्यावरून रोगाचे नाव ठरविता येत नाही.

अलीकडे हे ऐकण्याचे काम यंत्राकडे गेले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, आजाराचा धोका संभवणाऱ्या ३४ तरुणांच्या मुलाखती संगणकाने तपासल्या. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी अर्थाने किती मेळ आहे, वाक्ये किती लांब आहेत, पोटवाक्ये जोडणारे शब्द किती येतात, एवढेच त्याने मोजले. पुढे ज्या पाच जणांना प्रत्यक्ष आजार जडला, ते पाचही जण या मोजणीतून अचूक ओळखता आले. संख्या लहान होती. अधिक जणांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात अचूकता ८३ टक्के भरली. ब्राझीलमध्ये नातालिया मोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या शब्दांचे बिंदू-रेषांचे जाळे काढून तो कोठे तुटतो, कोठे फिरून तेथेच येतो हे दाखविले.

हे संशोधन मोलाचे आहे, कारण आजार जितका लवकर ओळखला जाईल तितकी उपचाराची आशा अधिक. परंतु यंत्राला मोजपट्टी शिकवावी लागते, आणि ती बहुतांशी इंग्रजी बोलण्यावरून शिकविली गेली. आमच्या उपनगरांतील ख्रिस्ती घर घ्या. आजी ईस्ट इंडियन बोलीत जपमाळ म्हणते, सून मंगळूरची कोकणी बोलते, मुले शाळेत इंग्रजी आणि इमारतीखाली हिंदी. अशा घरातला मुलगा एका वाक्यात तीन भाषा मिसळतो, तो त्याच्या मनाचा बिघाड नव्हे. ती त्याची मातृभाषाच आहे. न्यूयॉर्कमध्येच १९७३ साली स्पॅनिश भाषक रुग्णांच्या मुलाखती दोन्ही भाषांतून घेण्यात आल्या, तेव्हा तीच माणसे इंग्रजीत अधिक आजारी भासली. ब्लॉयलरच्या खेडुतांची तक्रार अशी पुन्हा खरी ठरली.

ऐकण्याचे सर्वांत मोठे काम आमच्या मते परदेशी प्रयोगशाळेत झाले नसून आमच्या बोरिवलीत झाले आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' स्थापन केले. त्याची सुरुवात त्यांनी अनेकदा सांगितली आहे. रस्त्यावरचा एक केस वाढलेला तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना त्यांनी पाहिला. त्याला आपल्या दवाखान्यात आणून औषधे दिली. तो बोलू लागला तेव्हा कळले की, हा आंध्र प्रदेशातील पदवीधर. प्रयोगशाळेच्या तंत्राची पदविका घेतलेला. त्याच्याच शब्दांवरून त्याचे घर सापडले. तेव्हापासून असे कितीतरी भटके रुग्ण रस्त्यावरून उचलले गेले, बरे होऊन बोलते झाले आणि घरी पोहोचविले गेले. २०१८ साली डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर ही संख्या सात हजारांच्या पुढे गेली होती. उपचाराने विचारांचा गुंता सुटू लागला की आधी नाव येते, मग गाव येते, मग आईबापांची आठवण येते. बोलणे दुरुस्त होणे म्हणजे घराची वाट सापडणे, हे येथे अक्षरशः घडते.

कायद्यानेही आता कूस बदलली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांत अडकलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले, त्यांचे स्मरण ठेवून ही तरतूद वाचावी. शिवाय, पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येते आणि त्या लेखी इच्छेला कायद्याचा आधार मिळतो. १९१२ साली ज्याचे शब्द त्याला कोंडण्याचा पुरावा होते, त्याच्या शब्दांना आता आज्ञेचे वजन आले.

आमच्या घरांत मात्र हा बदल अजून पोहोचावयाचा आहे. मुलगी एकटीच पुटपुटू लागली, मुलगा वाक्य अर्ध्यावर सोडू लागला, की प्रथम 'लागीर' म्हणून भगताचा अंगारा येतो, नंतर प्रार्थनासभांच्या फेऱ्या होतात आणि 'लग्नाचे कसे होईल' या धास्तीने डॉक्टर सर्वांत शेवटी येतो. महिने, कधी वर्षे, निघून जातात. भूतनिरसनासाठी धर्मगुरूकडे येणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात घ्यावे की, १९८३ च्या धर्मसंहितेनुसार स्थानिक बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणासही तो विधी करता येत नाही. आणि १९९९ साली प्रसृत झालेल्या सुधारित विधीनेही मानसिक आजाराला बाधा समजू नये अशी ताकीद दिली आहे. डॉक्टरकडे नेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. चर्चचाच तो उपदेश आहे. कोठे जावे हे सुचत नसेल तर २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रार्थना औषधाच्या बरोबरीने चालू द्यावी, औषधाच्या ऐवजी नव्हे.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात कबरींमध्ये राहणाऱ्या, साखळदंड तोडणाऱ्या एका माणसाची कथा आहे. गावाने त्याचे ओरडणे पुष्कळ ऐकले होते. प्रभू येशूने त्याला त्याचे नाव विचारले. उत्तर आले ते विलक्षण होते, एका माणसाने स्वतःला अख्ख्या सैन्याचे नाव दिले. पण प्रभू त्याला हसला नाही की तेथून निघून गेला नाही. बरा झाल्यावर त्या माणसाला प्रभूबरोबर जायचे होते. प्रभूने त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत परत धाडले आणि काम दिले ते बोलण्याचे : देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याचे. तो गेला आणि दहा नगरांच्या मुलखात सांगू लागला. त्याचे सांगणे ऐकून घेणारी माणसे तेथे होती. आमच्या धर्मग्रामांतही ती असावीत.