टोल्याचा जोर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असे सांगितले होते. मी शाळेविषयीच लिहितो आहे, फक्त वाट थोडी लांबची आहे. कंटाळा आला तर पुढची पाने फोटोंची आहेत.

नववीत गतीच्या नियमांचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर एक विटी काढली आणि विचारले, “टोला बसून विटी वर गेली आहे. दांडू आता तिला लागलेला नाही. या क्षणी विटीवर कोणते बल आहे?” मागच्या बाकावरून आपला एक मित्र उठला. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणाला, “टोल्याचा जोर.” वर्ग असा काही हसला की शेजारच्या तुकडीतून मास्तर डोकावून गेले. पुढे वर्षभर आपण त्याला ‘टोल्या’ म्हणत होतो. दहावीनंतर त्याचे शिक्षण थांबले आणि तो माळेगावच्या एमआयडीसीत लेथवर लागला. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, “खरं सांगू? मला अजून वाटतं, जोरच असतो.”

त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी किती जणांना बरोबर उत्तर येत होते? मला तरी येत नव्हते. पुढे हाच विषय शिकवण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा कळले की त्याच्या उत्तराला मोठा इतिहास आहे.

हातातून सुटलेला बाण पुढे का जातो, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने सांगितले की बाणाला हवाच पुढे ढकलते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते खोडून काढले. फेकणारा फेकलेल्या वस्तूतच काहीतरी भरतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात, म्हणजे कणादाच्या परंपरेत, याच बाणाची चर्चा आहे. बाणाची पहिली हालचाल धनुष्याच्या रेट्याने होते. त्या हालचालीतून बाणात एक ‘संस्कार’ उपजतो आणि तो बाणाला पुढे नेत राहतो. संस्कार सरला की गुरुत्वामुळे बाण पडतो. या संस्काराचे तीन प्रकार मानले होते आणि त्यातल्या पहिल्याचे नाव होते ‘वेग’. दुसरा ‘भावना’, म्हणजे आठवण राहणे. तिसरा ‘स्थितिस्थापक’, म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की ती पुन्हा सरळ होते तो.

शाळेत आपण वेग हा शब्द मीटर प्रति सेकंद या मापाने शिकलो. स्थितिस्थापकता रबराच्या धड्यात शिकलो. गुरुत्व तर रोजचेच होते. हे शब्द न्यूटनच्या आधी शेकडो वर्षे वेगळ्या अर्थाने नांदत होते, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. वैशेषिकांचे गुरुत्व पडणाऱ्या वस्तूच्या अंगी असते. न्यूटनचे आकर्षण दोन वस्तूंमध्ये असते. ‘गुरुत्वाकर्षण’ या एका शब्दात दोघेही शेजारी शेजारी बसले आहेत, आणि मुलाने कोणाचे ऐकायचे ते त्याचे त्याने ठरवायचे!

चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिडाँने फिलोपोनसच्या कल्पनेला आणखी धार दिली. प्रत्यक्ष गॅलिलिओही तरुणपणी पिसा येथे असताना हेच मानत होता, की वर फेकलेल्या वस्तूत एक जोर भरलेला असतो आणि तो हळूहळू ओसरतो. त्यातून बाहेर यायला त्याचे अर्धे आयुष्य गेले. त्याचा गतीवरचा परिपक्व ग्रंथ १६३८ सालचा, न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ सालचा. आपल्या मित्राला मात्र ३५ मिनिटांचा तास मिळाला होता, आणि त्यातली पाच मिनिटे हजेरीत गेली होती.

हे शास्त्र मराठीत आणणाऱ्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी शाळांसाठी पदार्थविज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. तरुणपणी ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला होते आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. त्या पिढीसमोर दोनच रस्ते होते. संस्कृत शास्त्रांतले तयार शब्द घ्यायचे किंवा बाजारातले बोलीचे शब्द घ्यायचे. पहिल्यात जुना अर्थ चिकटून येतो, दुसऱ्यात रोजचा. तिसरा रस्ता होता कोरा शब्द घडवण्याचा, पण तो पाठ करावा लागतो. आपल्या पुस्तकात या तिन्ही वाटांचे शब्द होते. बल, शक्ती, ऊर्जा, जोर, ताकद हे घरी सगळे एकच. परीक्षेत मात्र बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये, आणि जोर व ताकद लिहिले की लाल रेघ.

सगळ्यात जास्त भांडण ‘कार्य’ या शब्दाने केले. डोक्यावर पोते घेऊन उभा असलेला हमाल शून्य कार्य करतो, हे वाक्य ऐकून कोणीतरी विचारले होते, “मग हमाली द्यायची नाही का सर?” ज्यांचे वडील बाजार समितीत पोती उचलत आणि ज्यांच्या आया दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत, त्यांना हा प्रश्न विनोदी नव्हता. खरी गोष्ट अशी की ही व्याख्या माणसाच्या कष्टासाठी केलेलीच नव्हती. ती यंत्रांच्या हिशेबासाठी होती. खाणीतले पाणी उपसणारी इंजिने आली आणि कोणते इंजिन किती काम देते ते मोजण्याची गरज पडली. फ्रान्सच्या कोरिओलिसने १८२९ साली या अर्थाने रोजच्या बोलीतला ‘काम’ हाच शब्द शास्त्रात पक्का केला. आपल्या कोरडवाहू तालुक्यात याचे उदाहरण विहिरीवर उभे होते. मोटेत १०० लिटर पाणी असेल आणि ते १० मीटर वर आले, तर पाण्यावर झालेले कार्य सुमारे ९,८०० ज्यूल. बैल धावेवरून किती दमले, ते या हिशेबात येत नाही. उभ्या हमालाच्या स्नायूंतले तंतूही आत सतत आखडत आणि सैल होत असतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होऊन उष्णता निघते. म्हणून त्याला घाम येतो. पोत्यावर होणारे कार्य शून्य, हमालाचा खर्च शून्य नाही. एवढे एक वाक्य मिळाले असते तर बरेच जण त्या धड्यावर रागावले नसते.

वजन आणि वस्तुमान यांच्याबाबत तर शास्त्रज्ञांनाच बैठक घेऊन निवाडा द्यावा लागला. १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक, आणि वजन हे बल. आपल्याकडे मेट्रिक वजने १९५८ पासून येऊ लागली, तरी घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी शेर आणि मण होतेच. तागडीत दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ सारखीच, म्हणून तागडी वस्तुमान ताडून पाहते. ताणकाटा ओढ मोजतो. ध्रुवावर जुळवलेला ताणकाटा विषुववृत्तावर नेला, तर क्विंटलभर कांदा अर्धा किलो कमी भरेल. तागडीवर तो तेवढाच राहील. सिन्नरच्या व्यापाऱ्याला ध्रुवावर जायचे नाही, म्हणून त्याचे काही अडत नाही.

मुलांच्या चुका हसण्यावारी न नेता तपासायला हव्यात, हे पुढे जगभर मान्य झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात, आपल्यासारख्याच मराठी शाळांत, काम केले. पुस्तकाची बोजड भाषा हाच मुलांच्या वाटेतला मोठा धोंडा आहे आणि ती सोपी केली की समज वाढते, असे त्यांना आढळले. १९८२ साली अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारले, की वर उडवलेले नाणे वर जात असताना त्यावर कोणती बले असतात? बहुतेकांनी हाताचा वर नेणारा जोर दाखवला. यांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरही बहुतेकांनी तोच दाखवला. विटीच्या जागी नाणे, एवढाच फरक. होमी भाभा केंद्रातल्या अरविंद कुमार, जयश्री रामदास आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली महाविद्यालयीन मुलांविषयी असेच काही नोंदवले. संदर्भ चौकट ही त्यांना एखाद्या वस्तूला चिकटलेली, हद्द असलेली गोष्ट वाटते. मोहदरी घाट उतरणाऱ्या एसटीतली चौकट जणू गाडीच्या पत्र्यापाशी संपते.

हे सगळे मी दिवाळीनंतर त्याला त्याच्या घरी जाऊन सांगितले. म्हटले, “तू म्हणतोस ते काहीतरी विटीत खरंच असतं. फक्त त्याचं नाव बल नाही, संवेग. वस्तुमान गुणिले वेग. टोला बसताना दांडूनं ते दिलं. नंतर विटीजवळ ते असतं, पण तिला कोणी ढकलत नसतं. हवेचं सोडलं तर तिच्यावर बल एकच, खाली ओढणारं.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आणि सरळ वर उडवली तर? अगदी वरच्या टोकाला थांबते तेव्हा?”

“तेव्हाही तेवढंच.”

“बल असून थांबते?”

“थांबते, पण थांबून राहत नाही.”

लेथचा माणूस तो. चकतीचा फेरा उलटा करताना मध्ये एक क्षण ती थांबते, तेव्हाही पट्ट्याचा ताण तसाच असतो, हे उदाहरण त्यानेच दिले. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात ते मला सुचले नव्हते. मग तो म्हणाला, “सरांनी हे तेव्हाच सांगितलं असतं तर?”

सरांनी सांगितले होते. त्यांनी फळ्यावर खाली जाणारा एकच बाण काढला होता आणि समजावायला सुरुवातही केली होती. आपण हसत होतो.