पळते दिवे

गणपतीतले हलते देखावे बघायला कराड-इस्लामपूरला माणसं ट्रॅक्टर भरून जायची. पळते दिवे तेव्हा लाकडी रुळावर चालत. रुळावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकायच्या, मोटरनं तो फिरवायचा. पट्टी तारेला टेकली की तेवढी माळ लागायची. स्विस संगीतपेटीतही हाच हिशेब: रुळावरचा खिळा पोलादी दात्याला लागला, की सूर.

१९९० च्या सुमारास आमच्या मंडळात ५५५ आणि ४०१७ या आयसी आल्या. पहिली ठोके द्यायची, दुसरी दहा दिवे ओळीनं लावायची. तीन पायांची यूएम६६ धून वाजवायची, टेपरेकॉर्डरची मोटर उंदीर फिरवायची. पोरांनी सगळं एका खोक्यात बसवलं.

पुढं तयार चिनी माळा आल्या. बिघडली की फेकायची. खोकं जोडणाऱ्या पोरांनी मात्र पंपाचे स्टार्टर दुरुस्त करून संसार चालवले.