चार वाफ्यांचा हिशेब

गोव्यात पेडण्यातल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भातालगत नव्या जातीचा वाफा पाडला, समजा. अशा चार जोड्या. नव्या जातीने अनुक्रमे 1, 5, 0 आणि 6 किलो भात जास्त दिलं. सरासरी 3 किलो. मग बियाणं बदलायचं का?

विल्यम गॉसेटचा पेच याच जातीचा. 1899 पासून तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत होता. बिअर बनवायची तर बार्ली पारखायला हवी, आणि प्रयोग मोजकेच. तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर पोसलेलं. गॉसेटने 3000 कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे चांगले पिसले, चार-चारचे 750 गट केले आणि आपलं गणित त्यांवर ताडून पाहिलं. 1908 मध्ये तो निबंध 'बायोमेट्रिका'त आला, 'स्टुडंट' या टोपणनावाने. नोकरांनी स्वतःच्या नावाने छापणं कंपनीला मंजूर नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने त्यातल्या गणिताला आजचं रूप देऊन 1925 च्या पुस्तकातून शेतकी संशोधकांच्या हाती दिलं.

आता आपला हिशेब. सरासरी फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे 1.47 ने भागलं की टी येतो 2.04. मोठ्या नमुन्याला 1.96 ची वेस पुरते, तेव्हा जुन्या रीतीने नवी जात जिंकली! पण चारच आकड्यांवरून काढलेली त्रुटी स्वतःच कच्ची, म्हणून गॉसेटच्या गणितात वेस 3.18 वर जाते. दोन्ही जाती सारख्याच असत्या तरी एवढा किंवा याहून मोठा टी शंभरात तेराएक वेळा निघाला असता. याचा अर्थ नवी जात कुचकामी असण्याची शक्यता तेरा टक्के, असा मुळीच नाही. शिकलेली माणसंही इथेच घसरतात. पुरावा अपुरा, एवढंच. बियाण्याचा खर्च परवडेल का, हे टीला विचारूच नये.

जोड्या न लावता पेडण्याचं खाजन आणि डिचोलीची मोरड, म्हणजे उंचावरची शेतं, यांची तुलना केली तर निराळीच अडचण. बांध फुटला की खाजनातलं पीक कुठे भरघोस, कुठे भुईसपाट; मोरडीवर एवढे हेलकावे नसतात. दोन्हींकडचा चढउतार सारखाच, हे मूळ चाचणीचं गृहीतक तिथे कोसळतं. बेरेन्स आणि फिशर यांनी हा प्रश्न हाताळला, पण त्यांच्या उत्तराला लागणारे तक्ते 1938 च्या 'संख्या' नियतकालिकात मांडले ते साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी. आज बहुतेक जण वेल्चची 1947 ची सोपी रीत वापरतात. 'आर' या संगणकप्रणालीत तर वेगळं काही सांगितलं नाही की तीच चालते.