पावशेर : मोडीत निघालेल्या मापाचे उत्तरायुष्य

'आज पावशेर मारून आलेला दिसतो,' असे कुणाविषयी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दूध, तेल वा भाजी येत नाही. 'मारणे', 'टाकणे', 'लावणे' अशी क्रियापदे जोडताच या शब्दाला एकच अर्थ उरतो. पण पावशेर म्हणजे नेमके किती, असे विचारले तर आज फार थोड्यांना सांगता येईल. माप विस्मरणात गेले आणि शब्द तेवढा चलनात राहिला, हे कसे घडले?

शेराचा चौथा हिस्सा पावशेर. त्याच्या निम्मे नवटाक. मुंबईच्या जुन्या कोष्टकात शेराचे ७२ टांक होत. त्याचा आठवा हिस्सा नऊ टांक, म्हणून नवटांक; बोलीत नवटाक. ही मापे घरोघरची होती आणि गुत्त्यावरही तीच चालत. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने सुशिक्षितांच्या बोलण्यात मद्यपानासाठी 'प्याला' हा शब्द रुजवला. गुत्त्यावरचा माणूस मात्र मापाच्याच नावाने बोलत राहिला. खिशातले पैसे किती घोटांना पुरतील, हा हिशेब त्याला आधी करावा लागे.

पुढे दहा वर्षांच्या आत दोन कायदे आले. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूचा धंदा चोरवाटेला लावला. गल्लीबोळांत हातभट्ट्या लागल्या, काळा गूळ आणि नवसागर यांना नवे गिऱ्हाईक मिळाले, 'आंटीचे अड्डे' उभे राहिले. त्यानंतर १९५६च्या कायद्याने दशमान मापे आणली आणि १९५८पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. किराणा दुकानातला शेर गेला, किलो आला. दुधाच्या मापावर लिटर लिहिले गेले. अड्ड्यावर मात्र वजनमापांचा निरीक्षक जाणार कसा? जो धंदाच कायद्याला मान्य नव्हता, त्याला कायद्याने मान्य केलेले माप वापरण्याची सक्ती नव्हती. बाजारातून हद्दपार झालेल्या पावशेर-नवटाकांना अड्ड्याने आश्रय दिला तो यामुळेच, असे आम्हांस वाटते.

बंदी सैल झाल्यावर लेबल लावलेली बाटली आली आणि तिच्याबरोबर 'क्वार्टर' आली. क्वार्टर म्हणजे तरी दुसरे काय? पावच. ७५० मिलिलिटरचा चौथा हिस्सा १८७.५ होतो, बाटलीत असतात १८०. पण पिणाऱ्याच्या भाषेने पावाची कल्पना सोडलेली नाही.

या शब्दांच्या गमतीत एक गोष्ट झाकली जाते. पावशेर म्हणताना किती प्यायलो ते सांगितले जाते, काय प्यायलो ते नाही. अड्ड्यावर मापाची खात्री असे, मापातल्या द्रव्याची नसे. जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. त्याचे थोडेसे प्रमाणही डोळे आणि जीव घेण्यास पुरे होते. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले होते. थोडक्यात भागवावे म्हणूनच ज्यांनी पाव आणि अर्धपाव यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्यापैकीच ही माणसे. त्या भाषेचा इतिहास लिहिताना त्यांची नोंद शब्दार्थाखालीच व्हायला हवी.