गर्भवती आणि गळ्यातील ग्रंथी

गळ्याच्या पुढील भागी श्वासनलिकेला बिलगून एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटुग्रंथी अथवा थायरॉईड म्हणतात. तिचा स्राव मंदावला की अंग सुजते, थंडी सोसत नाही, बुद्धी जडावते. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी स्त्रियांमधील या अवस्थेचे वर्णन केले. त्या काळी तिच्यावर उपाय नव्हता.

१८९१ साली न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. काही महिन्यांतच तिला नवजीवन लाभले. नंतर तिने तो अर्क पोटातून घेतला आणि ती १९१९ पर्यंत जगली. उपचाराचे मर्म येथेच आहे. ज्याची शरीरात उणीव, तेच द्रव्य नित्य द्यावयाचे. १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. १९२७ साली इंग्लंडात हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. आजची थायरॉक्सिनची गोळी ती हीच. शरीराला ती परकी नव्हे.

असे असता, ‘दिवस राहिले, आता औषधे बंद’ असा सल्ला घरोघरी अजूनही मिळतो. त्यामागे माया असते. परंतु या गोळीच्या बाबतीत ती माया घातक ठरते. गर्भाची स्वतःची ग्रंथी सुमारे तीन महिन्यांनंतरच काम करू लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या जडणघडणीस लागणारा स्राव केवळ मातेकडून मिळतो. १९९९ साली अमेरिकेत हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात उपचार न झालेल्या मातांची मुले बुद्धिमापनात सरासरी ७ गुणांनी मागे आढळली. गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोकाही वाढतो.

इतकेच नव्हे, गर्भारपणात गरज वाढते. २००४ साली बोस्टनमध्ये झालेल्या अभ्यासात बहुतेक स्त्रियांना मात्रा वाढवावी लागली. ही वाढ पाचव्या आठवड्यापासूनच दिसली आणि पहिल्या निम्म्या काळात सरासरी ४७ टक्क्यांवर गेली. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे आणि पाच महिने होईतो दर चार आठवड्यांनी रक्ततपासणी करावी. गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण अडवितात, यास्तव मध्ये चार तासांचे अंतर राखावे. प्रसूतीनंतर मात्रा बहुधा पूर्ववत् होते. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. विकार अगदी सौम्य असेल तेव्हा उपचार द्यावा की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत; तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

गर्भवतीच्या ताटात काय वाढावे याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काळजी घेतली जाते. त्या काळजीत या इवल्याशा गोळीचीही आठवण असावी.