काब्रितो : उत्तर मेक्सिकोतील भाजलेले करडू

काब्रितो हा उत्तर मेक्सिकोतील पारंपरिक मांसाहारी पदार्थ असून नुएव्हो लेओन राज्य व त्याची राजधानी मॉन्टेरे यांची तो ओळख मानला जातो. स्पॅनिश भाषेत ‘काब्रा’ म्हणजे शेळी. ‘काब्रितो’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजेच मराठीतील करडू. केवळ आईच्या दुधावर वाढलेले, साधारणतः ३० ते ४० दिवसांचे करडू यासाठी निवडले जाते. पाला खाऊ लागल्यावर मांसाची कोवळीक जाते व त्याला उग्र वास येतो, असे तेथील जाणकार मानतात.

‘काब्रितो आल पास्तोर’ म्हणजे धनगरी पद्धतीचे करडू, हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार होय. सोललेले करडू मधोमध उलगडून लोखंडी सळईवर ताणले जाते. सळई निखाऱ्यांच्या कडेला उभी रोवून ते मंद आचेवर काही तास भाजतात. मसाला जवळजवळ नसतो. मीठ व धुराचा वास एवढ्यावरच चव अवलंबून असते. निखाऱ्यांसाठी मेस्किट वृक्षाचे लाकूड वापरतात. भारतात सर्वत्र फोफावलेल्या वेड्या बाभळीचा हा जवळचा नातलग. हालिस्को राज्यातील ‘बिरिया’ मात्र वेगळा पदार्थ असून त्यात मांसाला मिरच्यांचे वाटण लावून ते शिजविले जाते. विदर्भापासून जबलपूरपर्यंतच्या मराठी घरांतील मटणाच्या रश्श्याला तोच अधिक जवळचा.

शेळी हा अमेरिका खंडातील मूळचा प्राणी नव्हे. १६ व्या शतकात स्पॅनिश वसाहतकारांनी ती मेक्सिकोत नेली. १५७९ मध्ये लुईस दे कार्व्हाहाल यांना या प्रदेशात वसाहत करण्याचा परवाना मिळाला, तर १५९६ मध्ये दिएगो दे मोंतेमायोर यांनी मॉन्टेरेची स्थापना केली. कार्व्हाहाल यांचे पूर्वज ज्यू होते. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांच्या नातेवाइकांवर धर्मन्यायालयात खटले चालले. त्यामुळे डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या ज्यूंनी ही परंपरा रुजविली, असे सांगितले जाते. तथापि, याच परंपरेतील ‘फ्रितादा’ हा प्रकार करडाच्या रक्तात शिजविला जातो आणि ज्यू धर्मात रक्तसेवन निषिद्ध आहे. कोरड्या, काटेरी माळरानावर गुरांपेक्षा शेळी सहज तग धरते, हे कारण म्हणूनच अधिक सबळ ठरते.

या पदार्थामागे पशुपालनाचा हिशेबही आहे. नर करडू लवकर विकल्यास शेळीचे दूध चीज व ‘काहेता’ या आटीव दुधाच्या गोड पदार्थासाठी शिल्लक राहते. महाराष्ट्रातील हिशेब याच्या उलट आहे. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ व बेरारी या येथील नोंदणीकृत जाती असून, ‘गरिबाची गाय’ म्हटली जाणारी शेळी पाळणाऱ्या कुटुंबाला वजनदार झालेला बोकडच चार पैसे मिळवून देतो.

कायद्याची चौकटही भिन्न आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक (कत्तलखाना) नियम, २००१ नुसार भारतातील कत्तलखान्यांत तीन महिन्यांखालील प्राण्याची, तसेच तितके लहान पिल्लू असलेल्या मादीची कत्तल करता येत नाही. त्यामुळे मॉन्टेरेत अभिमानाने वाढले जाणारे महिन्याभराचे करडू भारतीय कत्तलखान्यात नियमबाह्य ठरते.